तीमथ्याची आजी आणि आमची आजी

शास्त्रपाठ : २ तीमथ्य १:१–५ व ३:१४–१५, प्रेषितांची कृत्ये ९:३६–४२

पौलाने तीमथ्यास दुसरे पत्र लिहिले तेव्हा तो बंदीत होता, व आपला शेवट जवळ आला आहे हे त्यास पक्के ठाऊक होते. पत्राच्या शेवटी तो त्रोवसात राहिलेला आपला झगा आणि चर्मपत्रे मागवितो. त्यावरून थंडीचे दिवस जवळ आले होते आणि अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते असे दिसते. सोबतीही बहुतेक निघून गेले होते. अशा मनुष्यास लिहिण्यासारख्या किती तरी मोठ्या गोष्टी होत्या. तरी पत्राला आरंभ होतो न होतो तोच त्यास एका म्हाताऱ्या बाईची आठवण होते व तो तिचे नाव लिहून टाकतो. ती तीमथ्याची आजी लोईस होय.

मूळ हेल्लेणी भाषेत येथे आजीसाठी 'मामे' असा शब्द आहे. तो घरगुती शब्द आहे. लेकराच्या तोंडी शोभावा असा. सबंध नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी आला आहे. जुन्या करारात आज्या आहेत, पण त्या सगळ्याच चांगल्या आहेत असे मात्र कोणी समजू नये. अथल्येने राज्यलोभाने आपल्याच वंशाचा संहार केला आणि तिचा नातू योवाश लपवून ठेवला म्हणून वाचला. नामीची गोष्ट निराळी. तिने रूथेचे बाळ उराशी धरले व ती त्याची दाई झाली. तथापि आजी म्हणून, नावानिशी, आणि विश्वासाच्या संबंधात जिचा उल्लेख झाला अशी लोईस एकटीच.

ती राहत होती ते लुस्त्र गाव लुकवनिया प्रांतातले. तेथील लोक आपल्या लुकवनी भाषेत बोलत, आणि त्यांनी प्रथम पौल व बर्णबा यांस देव मानून बैल कापण्याची तयारी केली, व मग त्याच पौलास दगडमार करून मेला असे समजून गावाबाहेर ओढून टाकले. त्या गावी यहुद्यांचे सभास्थान असल्याचा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत आढळत नाही. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता, आणि मुलाची सुंता लहानपणी झालेली नव्हती. तेव्हा त्या घरात बापाचाच शब्द चालत असावा. सभास्थान नाही, शिक्षक नाही, घरच्या कर्त्या पुरुषाचा धर्म निराळा. तरी पौल म्हणतो की, तीमथ्यास बाळपणापासून पवित्र शास्त्राची माहिती होती. ती त्यास कोणी दिली? चुलीपाशी बसून, दळणकांडण करता करता, आई युनीके आणि आजी लोईस यांनीच दिली असली पाहिजे. बापाचे नाव शास्त्रात नाही. आजीचे आहे.

येथवर पाठाचा अर्थ झाला. आता वाचकांच्या परवानगीने आम्ही आमच्या स्वतःच्या आजीविषयी काही लिहितो. हे लिहिण्याचे कारण असे की, तिच्याविषयी आमच्या हातून एक चूक झाली आहे. ती पुढे सांगूच.

आमची आजी जालन्याच्या बाजूची. त्या मुलखात नारायण शेषाद्री यांनी गेल्याच्या मागच्या शतकात बेथेल नावाचे ख्रिस्ती लोकांचे गाव वसविले व तेथून आसपासच्या खेड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या, हे पुष्कळ वाचकांस माहीत आहे. तिच्या जन्माचे साल कोणालाच ठाऊक नव्हते. ती एवढेच सांगे की, निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये, तेव्हा आमचे थोरले चुलते तिच्या पोटात होते, आणि ती तशा अवघड अंगाने तीन रात्री ज्वारीच्या शेतात लपून राहिली होती. अक्षरओळख तिला नव्हती. मंडळीच्या जुन्या विवाह नोंदवहीत तिच्या नावापुढे अंगठा आहे. आम्ही तो पाहिला आहे. कोवळ्या मुलीचा बारीक, स्वच्छ उमटलेला अंगठा आहे तो.

आम्ही ओळखत होतो तो अंगठा तसा नव्हता. त्याचे नख चेपून आडवे झाले होते व शेंडा सपाट होता. लहानपणी आम्ही तिच्या मांडीवर बसून त्या नखाशी खेळत असू आणि हे कशाने झाले म्हणून विचारीत असू. ती म्हणे, "बहात्तर सालानं खाल्लं." आम्हांस वाटे, बहात्तर साल म्हणजे एखादे जनावर असावे.

१९७२ च्या दुष्काळाची कथा नव्या पिढीस सांगितलीच पाहिजे. त्याच्या आधीची दोन वर्षेही पावसाने ओढ दिली होती. त्या साली तर त्याने पुष्कळ जिल्ह्यांत पाठच फिरविली. पेरलेले उगवले नाही, उगवलेले करपले. गुरे बाजारात मातीमोल झाली. सरकारने जागोजागी दुष्काळी कामे काढली. त्यांत सडका होत्या, नालाबांध होते, पाझर तलाव होते आणि खडी फोडण्याची केंद्रे होती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. मागेल त्याला काम ही कल्पना वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे लहान प्रमाणावर करून पाहिली होती. या दुष्काळात तिची खरी परीक्षा झाली, तिचा १९७७ मध्ये कायदा झाला, आणि २००५ मध्ये त्याच धर्तीवर सबंध देशासाठी कायदा झाला. शहाण्या लोकांच्या ग्रंथांत ही हकीकत आहे. पण त्या ५० लाखांत बायका किती मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांनी काय सोसले हे समजण्यास ग्रंथापेक्षा एखादा चेपलेला अंगठा बरा.

आजी आधी खडीवर होती. मोठा धोंडा पायाच्या पंजांत धरावयाचा, डाव्या हाताने आवरावयाचा आणि उजव्या हाताने हातोडी मारावयाची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत. दिवसाचे रोज नव्हते. खडीचा ढीग मोजून, ब्रासाच्या हिशेबाने पैसे मिळत, आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट. नवख्या बाईची खडी भरत नसे. जिचे हात कसलेले ती शेजारणीच्या ढिगात चार पाट्या टाकी, आणि मोजणारा तिकडे पाहत नसे. आजीच्या नखाचे झाले ते अशाच एका बाळंतिणीचा धोंडा फोडताना झाले असे तिच्या सोबतीणींकडून आम्हांस कळले. तिने स्वतः कधी सांगितले नाही.

पुढे ती पाझर तलावाच्या कामावर गेली. पाझर तलाव म्हणजे काय, हे शेतकरी वाचकांस सांगणे नको. पण ज्यांनी तो बांधताना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो. ओढ्याच्या आडवा आधी खोल खंदक घेतात आणि तो काळ्या चिकण मातीने ठोकून भरतात, म्हणजे बांधाच्या तळातून पाणी निसटून जात नाही. मग त्यावर मातीचे थर, प्रत्येक थर पाणी शिंपून दाबलेला. पाण्याकडच्या अंगास दगडाचे अस्तर लावतात व एका बाजूस सांडवा ठेवतात. या तलावाचे पाणी पाटाने सोडावयाचे नसते. ते जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना येऊन भेटते. म्हणून ज्याच्या विहिरीला पाणी आले त्याला ते कोणी आणले हे दिसत नाही. पुरुष कुदळीने खणीत आणि बायका पाट्या वाहत. सकाळपासून दिवस कलेपर्यंत चढण चढावयाची, पाटी उलटी करावयाची, उतरावयाचे. तान्ही मुले बाभळीला बांधलेल्या झोळीत.

जेवणास तांबडी मिलो ज्वारी होती, अमेरिकेहून आलेली. तिची भाकरी थापली की फाटे. आजीने उकळत्या पाण्यात पीठ मळण्याची युक्ती काढली व ती सगळ्या वस्तीस शिकविली. कामावर मुलांना सुकडी मिळे. ती गोड असे, म्हणून लेकरे तिची दिवसभर वाट पाहत.

येथे मुठीची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या खेड्यांतल्या मंडळ्यांत बाया स्वयंपाकास बसताना पिठाची किंवा धान्याची एक मूठ प्रभूसाठी निराळ्या गाडग्यात टाकतात व रविवारी ते गाडगे मंदिरात आणतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या दिवसांत उपदेशकाचे पोट बहुतांशी या मुठीवर चाले. १९७३ च्या उन्हाळ्यात एका रविवारी आजीने वेदीपुढे रिकामे गाडगे ठेवले. आठवडाभराची मूठ तिने वाटेवरच्या एका विधवेस देऊन टाकली होती. ती विधवा आपल्या मंडळीतली नव्हती, ख्रिस्तीही नव्हती. पंचांनी विचारले, "बाई, हे काय?" ती म्हणाली, "देव वाटंतच भेटला, तिथंच दिलं."

हे उत्तर पुष्कळांनी आम्हांस कौतुकाने सांगितले आहे. परंतु उपदेशक बंधूंनो, त्या वेळचे उपदेशक या उत्तराने रागावले, आणि त्यांचा राग अगदीच अस्थानी होता असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्याही घरी पाच तोंडे होती. दुसऱ्याच्या वाट्याचे देऊन टाकणे सोपे असते. आजीलाही ते कळले असावे, कारण त्या आठवड्यापासून ती आपली एक वेळची भाकरी अर्धी करू लागली व एका गाडग्याची दोन गाडगी झाली. त्यातले एक मंदिरात जाई. दुसरे कोठे जाते हे मग कोणी विचारले नाही.

पंपाची गोष्ट याहून अवघड आहे. त्या वर्षी अन्नाची टंचाई होती तशी पुष्कळ ठिकाणी पाण्याचीही होती, आणि खडकात खोल छिद्र पाडून पाणी काढण्याचे काम तेव्हा मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. पूर्वीचे बिडाचे हातपंप एका कुटुंबापुरते केलेले असत; त्यांवर सगळे गाव लोटले की ते महिन्यादोन महिन्यांत मोडत. जालन्याच्या मिशनातील लोकांनी त्यावर लोखंडी मजबूत पंप बनविला, व पुढे सोलापुरास त्यात आणखी सुधारणा झाली. आणि या दोहोंवरूनच १९७० नंतरच्या दशकाच्या शेवटी इंडिया मार्क टू नावाचा हातपंप निघाला, तो आज जगातल्या किती तरी देशांत आहे. आफ्रिकेतल्या कोणा बाईच्या हाती असलेल्या दांड्याचे मूळ आमच्या जालन्या-सोलापुरात आहे हे वाचून आम्हांस आनंद वाटला, आणि वाचकांसही वाटेल. असो.

आमच्या गावी असा एक पंप मंदिराच्या आवारात बसला. म्हणजे गावकुसाबाहेर, आमच्या वस्तीत. गावातल्या मोठ्या विहिरीवर आमच्या लोकांस चढू देत नसत. अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० मध्ये बंद केली होती, १९५५ मध्ये तिच्याविरुद्ध कायदाही झाला होता. पण विहिरीच्या काठापर्यंत कायदा पोहोचला नव्हता. आजी लहानपणापासून घागर घेऊन खाली उभी राही आणि कोणाला दया आली तर वरून पाणी ओती. कधी दुपार होई. एकदा तिची भरलेली घागर कोणाची तरी सावली पडली म्हणून उलथून टाकण्यात आली होती, आणि ही गोष्ट ती कधी विसरली नाही.

त्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली. एके रात्री पंपाचा दांडा करकरला म्हणून आजी उठून बाहेर आली. तेथे गावातल्या एका मोठ्या घरची सून डोईवर पदर ओढून एकटीच पाणी भरीत होती. घागर धरावी की दांडा ओढावा हे तिला एका वेळी जमत नव्हते. आजी म्हणे, "माझ्या मनात काय आलं ते देवालाच ठावं." तिच्या मनात काय आले असेल याची कल्पना आम्ही करू शकतो. ती काही बोलली नाही. दांडा हाती घेऊन तिने दोन घागरी भरून दिल्या. दुसऱ्या रात्री दोघी आल्या, मग चौघी. पाचव्या का सहाव्या दिवशी आजीने त्या सुनेस सांगितले की, बाई, रात्री इंचूकाटा असतो, दिवसा येत जा, रांगेत उभी राहा, कोणी काही म्हणणार नाही. आमच्या वस्तीतले तरुण संतापले. त्यांचे म्हणणे असे की, ज्यांनी आम्हांस पिढ्यान्‌पिढ्या खाली उभे केले ते आमच्या पंपावर का येतात? आजीने त्यांस धर्मोपदेश केला नाही. ती एवढेच बोलली की, रांग लावा, आणि रांगेत पुढे मागे जात पाहू नका, आपलीही नाही अन् त्यांचीही नाही. तेव्हापासून ती स्वतः रांगेपाशी बसू लागली. दांड्याला लोंबकळणाऱ्या पोरांना तिच्या हातची छडी ठाऊक होती, त्यांत आम्हीही होतो. गावची मोठी विहीर पुढे पावसाने भरली तेव्हा ती आमच्यासाठी खुली झाली काय? लगेच झाली नाही. त्यास आणखी पुष्कळ वर्षे व पुष्कळ माणसांचे झगडे लागले. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण दया केली की समोरच्याचे मन लागलेच वितळते असा एक गोड समज आपल्या उपदेशांतून पसरतो आहे.

आजी संत नव्हती. तिची जीभ तिखट होती. मशेरी तिने मरेपर्यंत सोडली नाही. पाळकसाहेब समोरून आले की ती डबी ओच्यात लपवी. नातवंडांत तिला नातू अधिक प्रिय असत व तसे ती उघड दाखवी. आणि एक गोष्ट फार खोल आहे. आमच्या आत्याची शाळा १९७२ मध्ये चौथीत असता सुटली. आजी कामावर गेल्यावर झोळीतले तान्हे सांभाळावयास कोणी हवे होते म्हणून ती सोडविली. आत्या हुशार होती. वर्गात तिचा पहिला नंबर असे. ती पुन्हा शाळेत गेली नाही. आम्ही एकदा आत्याला विचारले, "आत्या, तुला आजीचा राग येत नाही काय?" ती पुष्कळ वेळ निवडीत असलेल्या डाळीकडे पाहत राहिली व म्हणाली, "त्या साली आम्ही जगलो ते तिच्यामुळं. राग कुठं ठेवू?" राग नव्हता असे ती म्हणाली नाही. पुढे आत्याच्या मुलीस शिक्षिकेच्या अभ्यासक्रमास जावयाचे होते तेव्हा आजीने आपल्या दोन शेळ्या आणि गळ्यातले मणी विकून पैसे आणून दिले. ते कोणत्या कर्जाच्या फेडीचे होते हे घरात सर्वांना कळत होते, पण कोणी बोलले नाही.

आता आमच्या चुकीकडे येतो. आजी २०११ मध्ये वारली. तेव्हा आम्ही त्या भागात पाळकपण करीत होतो, व तिचा दफनविधी आम्हीच केला. संध्याकाळी नोंदवही काढली. नाव, पतीचे नाव, अंदाजे वय ८०, मरणाचे कारण वार्धक्य. पुढचा रकाना धंद्याचा. आमच्या लेखणीने क्षणभरही न अडखळता तेथे लिहिले, 'घरकाम'. मग तारीख व आमची सही.

सेमिनरीत आम्ही दुर्कसेवर एक प्रवचन लिहिले होते, त्यास बरे गुण मिळाले होते. यापोची ती शिष्या मेली तेव्हा लोकांनी पेत्रास लोदाहून बोलावून आणले आणि माडीवर नेले. तेथे विधवा रडत होत्या, आणि दुर्कसेने आपल्यासाठी शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यास दाखवीत होत्या. आम्ही त्या प्रवचनात दानधर्मावर बोललो होतो. विधवांकडे आम्ही पाहिलेच नव्हते. त्या काय करीत होत्या? त्या नोंदवही भरीत होत्या. त्यांस लिहिता येत नसेल, म्हणून त्यांनी तिचे काम हातांत धरून दाखविले. हा पदर तिने शिवला, ही बाही तिने शिवली. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातही तेच आहे. तेथे सद्‌गुणी स्त्रीची बावीस वचने आहेत, इब्री वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमाने आरंभ होणारी. जणू काय कवीने अक्षरे संपेपर्यंत तिची कामे मोजली. शेत पाहून विकत घेणे, द्राक्षमळा लावणे, चाती धरणे, गरिबापुढे हात पसरून देणे, रात्र असताच उठणे. त्या सर्वांस त्याने 'घरकाम' असे म्हटलेले नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात जालन्याच्या भागात पुन्हा मोठा दुष्काळ पडला. १९७३ चा तो पाझर तलाव कोरडा ठाक झाला व गावाने त्यातला गाळ काढण्याचे ठरविले. आम्हीही एक दिवस गेलो. आजीच्या बरोबरीची एक म्हातारी, जिला आम्ही मावशी म्हणतो, बांधाच्या अस्तरावर बसली होती. ती हाताने दाखवू लागली. "इथून त्या बाभळीपर्यंत आमची टोळी होती. अकरा जणी. सात मंदिराच्या, चार गावातल्या. तुझी आजी पुढं. हा दगड तिनं बसवला, का मी बसवला, आता सांगता यायचं न्हाई." मग ती म्हणाली, "मस्टरावर तिचा अंगठा पयला असायचा. कारकून म्हनायचा, तुझा अंगठा उमटत न्हाई नीट, बाई." आम्ही दगडावर हात ठेवून उभे राहिलो. चाळीस वर्षे त्या बांधाखालच्या विहिरींना पाणी आले, त्यांवर मोसंबीच्या बागा झाल्या. दुष्काळी कामाच्या कारकुनाने हजेरीपटावर आमच्या आजीस मजूर म्हणून लिहून घेतले होते. आमच्या हातून, तिच्या नातवाच्या, तेवढेही झाले नाही.

नोंदवहीतली नोंद खोडता येत नाही, आणि खोडूही नये. आम्ही पंचांची परवानगी घेऊन समासात दोन ओळी लिहिल्या व त्याखाली तारीख घातली. त्यांत खडी आहे, बांध आहे, पंप आहे, आणि आमच्या वस्तीत तिच्या हातावर जन्मलेली लेकरे आहेत, कारण सुईणपणही ती करीत असे व त्याबद्दल लुगडे दिले तरी घेत नसे. त्या लेकरांची संख्या लिहिता आली नाही. तिने मोजली नव्हती.

ज्या उपदेशकांस हा पाठ वर्गात घ्यावयाचा असेल त्यांनी लोईसचे वचन वाचून झाल्यावर लगेच अर्थ सांगू नये असे आम्ही सुचवितो. प्रत्येकास आपल्या आजीचे नाव विचारावे. सासरचे नव्हे, तिचे स्वतःचे. आम्ही तीन मंडळ्यांत विचारून पाहिले. पुष्कळांस 'आजी' याच्यापुढे नाव आठवले नाही. मग आठवडाभर अवकाश द्यावा व घरातल्या वृद्ध माणसांस विचारून येण्यास सांगावे. दुसऱ्या रविवारी वर्गास पुरेल इतके साहित्य आपोआप गोळा होते, आणि कधी कधी रडेही कोसळते. त्याची तयारी ठेवावी.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सध्याच्या मंडळीतील एक वृद्ध बाई वारली. दफन आटोपल्यावर आम्ही नोंदवही घेऊन तिच्या घरी गेलो व सुनांस विचारले, "आईंचा धंदा काय लिहू?" थोरली म्हणाली, "लिहा की, घरकाम." आम्ही लेखणी खाली ठेवली व ओट्यावर बसलो. थोड्या वेळाने धाकटी म्हणाली, "उसतोडीला जात होत्या की. मला लग्न करून आणलं त्या सालीसुद्धा कोयता होता त्यांच्या हाती." थोरली म्हणाली, "अन् त्याच्या आधी वीटभट्टीला." दारात उभी असलेली शेजारीण म्हणाली, "माझी दोन्ही बाळंतपणं कुणी केली मग?" एक नात आतून गोधडी घेऊन आली, आणि ती आमच्यापुढे उलगडून धरली. आम्ही लिहीत गेलो. रकाना भरला तेव्हा समासात लिहू लागलो.